हिरव्या कडेचा रस्ता

"हे हिरवं काय हाय?" आप्पांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

कॉव्हेंट्रीतलं आमचं जेवणाचं टेबल. त्यावर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा मिशेलिनचा नकाशा पसरलेला, एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर माझा लॅपटॉप. लॅपटॉपवर गूगलने रस्ता केव्हाच ठरवून टाकला होता. बोटीतून उतरा, मोटरवे धरा, दोन तासांत ले मान्स. पण आप्पांचा पडद्यावरच्या निळ्या रेषेवर विश्वास नाही. कागद पसरल्याशिवाय त्यांना गाव सापडत नाही, आणि एकदा पसरला की घडी नीट घातल्याशिवाय ते उठत नाहीत.

हिरवं म्हणजे रस्त्याच्या कडेने ओढलेली हिरवी रेघ. मिशेलिनवाले निसर्गरम्य रस्त्याला अशी हिरवी कड लावतात. हे मी सांगितल्यावर बोट पुढे सरकलं. "आन् हे बाण?"

बाण म्हणजे चढ. एक बाण असेल तर 5 ते 9 टक्के, दोन असतील तर 9 ते 13, तीन असतील तर त्याहून जास्त. टोक चढाच्या दिशेला. हे ऐकून आप्पा जे गप्प झाले ते पाच मिनिटं. मग म्हणाले, "आमाला घाट पाठ करावा लागायचा. ह्यांनी छापून ठेवलाय."

आप्पा एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर होते. गगनबावडा, करूळ, आंबा, आंबोली, फोंडा. आमच्या घरात या नावांचा उच्चार इतरांच्या घरात नातेवाइकांच्या नावांचा होतो तसा व्हायचा. कोण कसा आहे, कोण पावसात दगा देतो, कोणाशी सलगी करायची नाही. आता वय चौऱ्याहत्तर, गुडघे बोलतात, आणि आईच्या माघारी दरवर्षी दोन-अडीच महिने आमच्याकडे. 2024च्या उन्हाळ्यात ते येणार म्हटल्यावर मी दोन गोष्टी केल्या. फ्रान्समधल्या ले मान्सच्या 24 तासांच्या मोटार-शर्यतीची दोन तिकिटं काढली आणि त्यांना शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणायला लावला. इंग्लंडला पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला तो इथून सहसा काढता येत नाही. त्यांना शर्यतीचं काडीचं आकर्षण नव्हतं. "चोवीस तास गोल गोल? पोचायचं कुठं असतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो मला अजून नीट सोडवता आलेला नाही.

रस्त्याचं म्हणाल तर इंग्लंडातून ले मान्सला जायच्या तीन तऱ्हा मी धरल्या होत्या.

ऑफिसातली मंडळी कॅलेवरून जातात. गाडीसकट आगगाडीत बसून 35 मिनिटांत खाडीखालून पलीकडे, मग ए-16, मग ए-28, चारशेहून जास्त किलोमीटर. टोल भरत जायचं, सर्व्हिस स्टेशनात सँडविच खायचं आणि पोचायचं. हा ए-28 रुआँ शहरापाशी तुटतो. तिथे गावातून, बोगद्यातून, पुलावरून वाट काढावी लागते, आणि शर्यतीच्या आठवड्यात पुढे-मागे सगळ्या इंग्लिश नंबरप्लेटी. मी एकदा गेलोय. जे आठवतं ते म्हणजे ट्रकच्या मागची दारं.

न्यूहेवन ते द्येप ही बोट चार तासांची. द्येपवरून सेन नदीच्या वळणांनी लेझांदेलीचा पडका किल्ला बघत खाली यायचं. माझ्या मनात खरं तर हेच होतं. पण दिवसाची फेरी धरली की दिवस पाण्यात मोडतो.

आप्पांचं बोट मात्र पोर्ट्समथ ते विस्त्रेआम या रात्रीच्या फेरीपाशी थांबलं, कारण विस्त्रेआमच्या खाली काँ शहर, काँच्या खाली ऑर्न नदी, आणि ऑर्नच्या दोन्ही अंगांना हिरव्या कडा आणि बाण. भरपूर बाण. "मुक्कामी गाडीनं जायचं आन् सकाळी घाट चढायचा," ते म्हणाले. ठरलं.

बुधवारी, 12 जूनला संध्याकाळी पोर्ट्समथच्या रांगेत लागलो आणि पहिला खोळंबा झाला तो दह्यापायी. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपात दूध, दही, मटण काही नेता येत नाही. मला माहीत होतं, पण डबा आप्पांनी भरला होता. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा गच्च भरलेला स्टीलचा डबा. टाकून द्या म्हणायची माझी छाती नव्हती. शेवटी बंदरावरच्या दोन नंबरच्या लेनमध्ये, डावीकडे एक मॉर्गन आणि उजवीकडे छत उघडलेली लोटस, अशा थाटात आम्ही बापलेकांनी अर्धा किलो दही संपवलं. लोटसवाल्याने अंगठा वर केला. आप्पांनी त्याला धपाटा दिला.

(इंग्लंडची गाडी फ्रान्सला नेणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: हेडलाइटवर पट्ट्या चिकटवा, नाहीतर तुमचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे 'यूके'चं स्टिकर लावा, जुनं 'जीबी' आता चालत नाही. परावर्तक त्रिकोण ठेवा, आणि चमकती जाकिटं डिकीत न ठेवता हाताशी ठेवा. कॅमेऱ्यांचा इशारा देणारी यंत्रं तिकडे बेकायदा आहेत. बाकी पुढे येईलच.)

सकाळी विस्त्रेआमला उतरलो तेव्हा सगळीकडे झेंडे. 6 जूनला दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईला 80 वर्षं झाली होती, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. विस्त्रेआमचा किनारा म्हणजे ब्रिटिश फौज उतरली तो सोर्ड बीच. तिथून काँकडे जाताना कालव्यावर पेगॅसस पूल लागतो. 1944च्या त्या रात्री बारा वाजून गेल्यावर, अंधारात, इंजिन नसलेली ग्लायडर विमानं या पुलाशेजारी उतरली. सगळ्यात पुढचं विमान पुलापासून जेमतेम 50 मीटरवर थांबलं आणि काही मिनिटांत पूल हातात आला. जुना पूल आता शेजारच्या संग्रहालयात ठेवलाय. आप्पांनी विमान टेकलं ती जागा दाखवणारा दगड पाहिला, पूल पाहिला, मधलं अंतर पावलांनी मोजलं. "लाईट न्हाई, इंजिन न्हाई, आन् बरोबर फलाटाला लावली," ते म्हणाले. एका ड्रायव्हरने दुसऱ्याची केलेली एवढी तारीफ मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकली नव्हती. मग गाडीत बसताना: "माझा थोरला चुलता तवा इटलीत हुता. मराठा पलटणीत." हे मला पहिल्यांदाच कळत होतं. विचारलं तर म्हणाले, "तू कधी ईषय काढला न्हाईस."

आता गाडीतली बैठक समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझी स्कोडा इंग्लंडची, म्हणजे स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. फ्रान्समध्ये गाडी चालवायची रस्त्याच्या उजव्या बाजूने. त्यामुळे ड्रायव्हर बसतो गटाराच्या अंगाला आणि शेजारचा माणूस रस्त्याच्या मधोमध. पुढे ट्रॅक्टर असला की मला त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून काय येतंय ते फक्त आप्पांना दिसतं.

काँ सोडून डी-562ला लागलो आणि दहाव्या मिनिटाला गवताच्या गाठोड्यांनी लादलेला ट्रॅक्टर आडवा आला. मी मागे लटकून. थोडं डावीकडे नाक काढतोय, परत आत घेतोय. आप्पा बघत होते. तिसऱ्यांदा नाक काढल्यावर म्हणाले, "गप आत ऱ्हा. मी सांगतो तवा काढ." एक वळण गेलं, एक उतार गेला. मग डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने टक-टक. दोनदा.

एसटीत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. 31 वर्षं दुसऱ्याच्या घंटीवर गाडी हलवलेला माणूस त्या सकाळी कंडक्टर झाला. मी ट्रॅक्टर काढला. समोरचा रस्ता कोल्हापूरच्या रंकाळ्यावर पहाटे असतो तसा मोकळा होता.

त्यानंतर चार दिवस मी त्यांच्या बेलशिवाय एकही गाडी ओलांडली नाही.

त्यूरी-आरकूरच्या पुढे नदी दरीत शिरते. या भागाला तिथले लोक 'स्विस नॉरमांद' म्हणतात, नॉर्मंडीचं स्वित्झर्लंड. नाव ऐकून आप्पांनी भुवया उंचावल्या आणि क्लेसी गाव येईपर्यंत उतरवल्या नाहीत. क्लेसी या मुलखाची राजधानी समजली जाते. नदीकाठी हॉटेलं, होड्या, वर रेल्वेचा दगडी कमानींचा पूल, समोर कडा, त्याला 'साखरेची ढेप' अशा अर्थाचं नाव. कड्यावर दोराला लटकलेली पोरं. देखणं आहे, मी नाही म्हणत नाही. पण डोंगर म्हणाल तर आपल्या पन्हाळ्याने हसावं एवढाच.

"ह्याला स्वित्झर्लंड म्हणत्यात?" आप्पा म्हणाले. "मग आपल्या बावड्याला काय म्हणायचं, हिमालय?"

मी काही बोललो नाही. कारण मला माहीत होतं पुढे काय आहे. क्लेसीवरून पाँ-दुयी, आणि तिथून रोश द्वेत्रकडे जाणारा तो अरुंद, हिरव्या कडेचा, बाणांचा रस्ता. झाडांची बोगद्यासारखी कमान, दोन्ही बाजूंना ओली माती, मध्येच डावीकडे एकदम उघडी दरी. आप्पा सीटवर पुढे सरकून बसले. तोंडातल्या तोंडात गियर सांगायला लागले. "तिसरा. आता दुसरा घे. दाबू नको, वढू दे तिला." माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. मी 'हो' म्हणत राहिलो आणि हात गियरच्या दांड्यावर ठेवला.

उतारावर एका वळणात खालून एक छोटी सिट्रोएन वर आली. रस्ता एका गाडीचा. मी थांबून मागे घेतली, तिने हात केला आणि गेली. "चढत्या गाडीला वाट. हितंबी तसंच हाय तर," आप्पा म्हणाले, आणि आवाजात पहिल्यांदाच या देशाबद्दल आपुलकी होती. नियम खरोखर तोच आहे. अवघड चढावर उतरणाऱ्याने थांबायचं. फ्रान्सचा दुसरा एक नियम मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही: पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी वाट. म्हणजे तुम्ही सरळ मोठ्या रस्त्याने चाललाय आणि उजव्या हाताच्या बोळातून कोणी आजीबाई मोटार घेऊन निघाली तर तुम्ही थांबायचं. "ह्ये बरोबर न्हाई. हायवेला मान असतोय." मी दर गावात त्यांना उजवीकडे बघायला सांगायचो आणि ते दर गावात हेच वाक्य म्हणायचे.

रोश द्वेत्र म्हणजे रुव्र नदीच्या घळीवर पुढे आलेला दगड, खाली 118 मीटर. बाजूने पाहिलं तर त्यात माणसाचा चेहरा दिसतो म्हणतात. नाक, हनुवटी. मला दिसला. आप्पा कठड्यापाशी जाऊन उभे राहिले, खाली घळीत झाडीचा गच्च हिरवा कोबी, पाण्याचा आवाज येतोय पण पाणी दिसत नाही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकच प्रश्न विचारला. "हितनं यष्टी जाती का?"

नाही जात, म्हटलं.

"मग लोकांनी यायचं कसं?"

तिथून प्युतांजला पोचलो तेव्हा वाजले होते सव्वा. आता ही माझी चूक, आणि दहा वर्षं युरोपात ये-जा करूनही मी ती करतो. फ्रान्सच्या खेड्यात साडेबारा-एकला बेकरीची शटर पडते आणि दोन-अडीचशिवाय उघडत नाही. वाणी बंद, बेकरी बंद. एकच हॉटेल उघडं, तिथे टेबल नाही. नदीकाठच्या बाकावर बसून उरलेले धपाटे चटणीशी खाल्ले. दही असतं तर, असं आप्पा म्हणाले नाहीत, पण डबा उघडून आत पाहिलं.

डिझेलचंही तसंच. गावातल्या पंपावर माणूस नाही, कार्डाचं यंत्र, आणि त्याला माझं कार्ड पसंत नाही. पुढच्या गावात सुपरमार्केटच्या पंपावर जमलं. तिथे एका नळीवर 'गाझोल' लिहिलेलं असतं. पेट्रोलची गाडी असेल तर त्याला हात लावू नका, ते डिझेल आहे.

कारूजचा विटांचा वाडा गाडीतूनच पाहिला, खंदकासकट. एकूवच्या जंगलात क्रुवा-मेदावी नावाच्या चौकात एक रणगाडा ठेवलाय, फ्रेंच फौजेचा, 1944चा, तिथे थर्मासमधला चहा घेतला. आलांसों हे लेससाठी प्रसिद्ध गाव आम्ही बाजूने टाळलं. त्या लेसला 2010 साली युनेस्कोचा मान मिळालाय आणि माझी बायको मला अजून विचारते की तिथून गेलात आणि थांबला नाहीत?

मुक्काम सँ-सेनेरीजवळ होता.

सँ-सेनेरी ल जेरे. सार्त नदी इथे वळसा घालते आणि त्या वळशात टेकडीवर दगडी गाव, वर जुनं चर्च, खाली कुरणात एकटंच उभं असलेलं छोटं देऊळ. देऊळच म्हणतो, कारण नदीकाठी गवतात एकट्या उभ्या असलेल्या त्या दगडी खोलीला मला दुसरा शब्द सुचत नाही. या टेकड्यांना 'आल्प माँसेल' म्हणतात, म्हणजे पुन्हा आल्प्स. इथल्या लोकांना डोंगरांची फार हौस. पण मला जर कोणाला या सगळ्या वाटेवरची एकच जागा सांगायची झाली तर ही सांगेन, आणि कारण डोंगर नाही, एक भिंत आहे.

एकोणिसाव्या शतकात इथे चित्रकार यायचे. कोरो येऊन गेला, कूर्बे येऊन गेला. उतरायचे ते मोआझी बहिणींच्या खाणावळीत. रात्री जेवण झालं की मेणबत्तीच्या उजेडात कोणाला तरी भिंतीशी बसवायचं आणि भिंतीवर पडलेली सावली कोळशाने गिरवायची. नुसती डोकी. गावकऱ्यांची, एकमेकांची. ती खोली अजून आहे, 'मुंडकी उडवलेल्यांची खोली' अशा अर्थाचं तिचं नाव. आम्ही गेलो तेव्हा नशिबाने उघडी होती.

आप्पांनी चष्मा पुसून एकेक चेहरा पाहिला. लांब नाकाचा एक, टोपीवाला एक, दाढीवाले बरेच. काही पुसट झालेत, एखाद्याची फक्त मान उरलीय. मी चित्रकारांबद्दल मला माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मुक्कामी गाडी असली की आमी देवळाच्या ओवरीत झोपायचो. भिताडावर कोळशानं लिवून ठेवायचो. कोन डायवर, कोन कंडाक्टर, किती वाजता पोचली. म्हंजे दुसऱ्या दिवशी कोनी आला तर त्याला कळावं." थोडं चालून, "मग कुनीतरी ऑइलपेंट मारला."

शुक्रवारी फ्रेनेवरून सार्तच्या कडेने ले मान्सला उतरलो. फक्त साठेक किलोमीटर, पण यात मजा वेगळी. शर्यतीच्या आदल्या दिवशी या बाजूच्या गावांत लोक घराबाहेर खुर्च्या टाकून बसतात. लहान पोरं हातवारे करून ॲक्सिलरेटर दाबायला सांगतात. आमच्या पुढे दोन अ‍ॅस्टन मार्टिन आणि एक केटरहॅम होती, त्यांनी पोरांचं समाधान केलं. मग आमची स्कोडा आली, छपरावर तंबू बांधलेली. पोरांनी तरी हातवारे केले. "दाब की," आप्पा म्हणाले, "गरिबाची पोरं हायती." गरीब वगैरे काही नव्हती, पण दाबला. डिझेल इंजिन खोकल्यासारखं वाजलं. टाळ्या पडल्या.

मी एवढा वळसा घालून का आलो, मोटरवे का धरला नाही, हे मला तिथल्या तंबूत शेजारच्या इंग्लिश मंडळींनी विचारलं. निसर्ग वगैरे सांगितलं. खरं कारण असं की या शर्यतीचा रस्ता वेगळा नाहीच. 1906 साली ले मान्सच्या भोवती 103 किलोमीटरचा त्रिकोणी फेरा आखून पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली. साधे गावांमधले रस्ते, धूळ बसावी म्हणून डांबर ओतलेले. रेनॉमधला सिस जिंकला, त्याच्या चाकांना मिशेलिनच्या काढता-घालता येणाऱ्या रिमा होत्या, म्हणून टायर पटापट बदलता आले. तीच मिशेलिन, जिचा नकाशा आमच्या मांडीवर होता. 1923 साली 24 तासांची शर्यत सुरू झाली तीही रोजच्या वापराच्या गाड्या रात्रभर दिव्यांच्या उजेडात टिकतात का ते बघायला. आजही 13.626 किलोमीटरच्या फेऱ्यातला मोठा भाग म्हणजे सार्वजनिक रस्ता. तेर्त्र रूजच्या वळणानंतरची ती सुप्रसिद्ध सरळ वाट, युनोदियेर, ही एरवी डी-338. त्या रस्त्याने लोक ऑफिसला जातात. अशा शर्यतीला ट्रक बघत मोटरवेने यायचं मला पटत नाही, बस्स.

शर्यतीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांनी पाहिलीय. शनिवारी चार वाजता सुटली, 62 गाड्या. "आपलं कोन हाय का ह्यात?" आप्पांनी विचारलं. 2012 साली करुण चांढोक धावला, इथे उतरलेला पहिला भारतीय, त्याची गाडी सहावी आली, ते सांगितलं. मग त्यांना रस वाटला तो ड्युटीच्या तक्त्यात. एका गाडीला तीन ड्रायव्हर, कोणीही सहा तासांत चारपेक्षा जास्त तास चालवायचं नाही, एकूण चौदापेक्षा जास्त नाही. "ह्ये चांगलं हाय. आमाला कंट्रोलर डबल ड्युटी लावायचा आन् वर रजा न्हाई." रात्री पाऊस आला तो असा, की सेफ्टी कारच्या मागे चार तासांहून जास्त वेळ सगळ्या गाड्या वरातीसारख्या चालत होत्या. तंबूशेजारचे लोक वैतागले. आप्पा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन शांत बसले होते. "पावसात दमानंच चालवायची असती. ह्यात रडायचं काय?"

रविवारी दुपारी, शर्यत संपायला दोनेक तास असताना, पुढे असलेल्या 50 नंबरच्या फेरारीचं उजवं दार उघडं राहिलं. धावत्या गाडीला दार फडफडतंय. काळ्या झेंड्यावर नारिंगी ठिपका दाखवून तिला बोलावून घेतलं, दार लावायला. अख्ख्या स्टँडवर सन्नाटा. आणि आप्पा उठून उभे राहिले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"कंडाक्टर झोपलाय काय!"

आजूबाजूच्या फ्रेंच लोकांना शब्द कळले नसतील, सूर कळला. एकाने वळून जोरजोरात मान डोलावली. फेरारी दार लावून परत आली आणि 14 सेकंदांनी जिंकली. आप्पांना त्यानंतर ड्रायव्हरांची नावंही पाठ झाली, फुओको, मोलिना, नील्सन. कोल्हापूरला फोन करून त्यांनी माझ्या काकांना शर्यत सांगितली ती अशी: दार लागलं नव्हतं, तरी टायमात पोचली.

सोमवारी सकाळी तंबू गुंडाळला. रस्ता वाहतुकीला खुला झाला होता. मी मुद्दाम युनोदियेरकडे घेतली. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, कठड्यांवर रबराच्या काळ्या खुणा, कुंपणाला अडकलेला कोणाचा तरी भिजका झेंडा. आणि मधून ब्रेडची व्हॅन, एक मोपेड, विटांचा ट्रक. सहाएक किलोमीटरचा हा पट्टा पूर्वी सलग सरळ होता. 1988 साली इथे एका गाडीने ताशी 405 किलोमीटरचा वेग गाठला. 1990 साली मध्ये दोन ठिकाणी वळणं घातली, ती वळणं बाजूला, रोजचा रस्ता आपला सरळच्या सरळ. मी हे सगळं सांगत होतो. विटांच्या ट्रकमागे आम्ही पन्नासच्या वेगाने चाललो होतो आणि मला डावीकडचं काही दिसत नव्हतं.

मी डबल बेलची वाट बघत राहिलो. आप्पा समोरचा रस्ता न्याहाळत होते, मोकळा होता की नाही कोण जाणे. मग डॅशबोर्डवर पेर वाजलं.

एकदाच.

"घे बाजूला," ते म्हणाले. रस्त्याकडेला एका हॉटेलचं आवार होतं, दोन टेबलं बाहेर मांडलेली. "च्या घिऊ. मग जा म्हनं किती पळायचं ते."